मदत हवी आहे: काउंटरपार्ट, ऑपोझिट नंबर की इक्विव्हॅलंट?

मंडळी, एक इंग्रजी मजकूर लिहितोय आणि समपदस्थांच्या शब्दांवर अडलोय. काउंटरपार्ट माणसालाही चालतो, संस्थेलाही. ऑपोझिट नंबर सहसा पदावरच्या माणसाला, तोही ब्रिटिश वळणाचा. इथवर ठीक. पण नावं सारखी म्हणून पदं जुळतातच असं नाही. आपल्याकडे फॉरेन सेक्रेटरी म्हणजे सनदी अधिकारी, ब्रिटनमध्ये मात्र ते मंत्रिपद. आपल्या परराष्ट्रमंत्र्यांच्या तोडीचं. मग लोकसभेला हाउस ऑफ कॉमन्सचं काउंटरपार्ट म्हणावं की इक्विव्हॅलंट? दुसऱ्यात मला मोजमापाचा वास येतो. पिअर (म्हणजे बरोबरीचा, पण ब्रिटनमध्ये उमरावही) लिहावं, तर ब्रिटिश वाचक थेट हाउस ऑफ लॉर्ड्समध्ये पोचायचा! वापरातली वाक्यं दिलीत तर बरं. शब्दकोशातले अर्थ नकोत, ते पाहून झालेत.