संकटात देवाच्या रक्षणावर विसंबायचे म्हणजे नेमके काय?

प्रश्न (कुर्ला):
26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस झाला, त्या रात्री आम्ही माळ्यावर बसून बायबलमधील 91 वे स्तोत्र (देव संकटात आपले रक्षण करतो असे सांगणारे) म्हणत होतो आणि पाणी जिन्याच्या चौथ्या पायरीवर थांबले. मात्र तितक्याच श्रद्धेने प्रार्थना करणाऱ्या शेजारच्या आजी वाचल्या नाहीत. आता मिठी नदी फुगली की मुलगी विचारते, "देव आपल्याला नक्की वाचवेल ना?" तिला काय सांगावे?

उत्तर (माहीम):
ताई, बायबलमधील मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या चौथ्या अध्यायात सैतान याच स्तोत्राचा दाखला देऊन येशूला मंदिराच्या शिखरावरून उडी टाकायला सांगतो आणि येशू देवाची परीक्षा पाहण्यास नकार देतो. त्यामुळे वेळेवर घर सोडणे हा अविश्वास मुळीच नव्हे.

उत्तर (वांद्रे):
आजींची श्रद्धा कमी पडली, असे कृपया कुणालाही म्हणू देऊ नका. बायबलमधील प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाच्या अध्याय 12 मध्ये याकोब तलवारीने मारला जातो आणि पेत्र तुरुंगातून सुटतो. दोघेही प्रेषितच, म्हणजे येशूने निवडलेले शिष्य होते. दानिएलाच्या पुस्तकाच्या तिसऱ्या अध्यायातील शद्रख, मेशख आणि अबेद्नगो तर राजाच्या मूर्तीपुढे न वाकल्यास जळत्या भट्टीत टाकण्याची धमकी मिळाल्यावर सांगतात की आमचा देव सोडवण्यास समर्थ आहे, पण त्याने सोडवले नाही तरी आम्ही मूर्तीपुढे वाकणार नाही. माझ्या मते मुलीला हे "तरी" समजावून सांगावे.

प्रश्नकर्ती:
मनापासून आभार. काल दोघींनी दानिएल वाचला. नंतर कागदपत्रांची पिशवी आणि टॉर्च तिनेच माळ्यावर नेऊन ठेवली.