बेन मोर की बेन वोर?

चिंबबूट:
शनिवारी स्कॉटलंडमधल्या क्रियनलारिक गावाजवळचा बेन मोर हा डोंगर केला. ११७४ मीटर. सकाळपासून धो धो पाऊस, माथ्यावरून दिसलं काय, तर माझेच बूट. खाली चहा पिताना ग्रुपमधले एक आजोबा म्हणाले, "वोर म्हण, वोर." घरी नकाशा उघडला. या डोंगराला साधं 'मोर', पण साउथ यूइस्ट बेटावरच्या याच नावाच्या डोंगराला एमनंतर एक एच घुसवलाय. हा कशाला? इथे कुणी गेलिक, म्हणजे इथली जुनी भाषा, शिकलंय का?

ग्लासगोकर:
दोन हिवाळे संध्याकाळच्या वर्गात घासलीय, म्हणून तोंड उघडतो. आजोबा बरोबर आहेत. 'मोर' म्हणजे मोठा, आणि 'बेन' म्हणजे डोंगर, तो त्यांच्याकडे स्त्रीलिंगी. आपणही डोंगर मोठा, टेकडी मोठी म्हणतोच की. फरक एवढाच, आपल्या विशेषणाचं शेपूट बदलतं, त्यांच्याचं तोंड. 'म'चा 'व' होतो. त्यांच्या वर्णमालेत अक्षरं १८च, त्यात व्ही नाही, मग 'व' लिहायचा एम-एच नाहीतर बी-एच असा. नाव पुल्लिंगी असेल तर ही भानगड नाही. बेन नेव्हिसशेजारी 'कार्न मोर जेरक' आहे, मोठा तांबडा. तिथे मोर तो मोरच.
तुझ्या नकाशावरचं 'बेन मोर' इंग्रजी वळणाचं. साउथ यूइस्टवर गेलिक अजून बोलतात, तिथे मूळ रूप टिकलं.
आता 'जेरक'. स्पेलिंगमध्ये आर आणि जी चिकटलेले आहेत, पण बोलताना मध्ये एक स्वर सरकवतात. तसंच 'गोर्म'चं, म्हणजे निळ्याचं, 'गोरोम'. माझी आजी धर्माला धरम म्हणायची, अगदी तेच. वर्गात बाईंनी या प्रकाराचं नाव फळ्यावर लिहिलं, रोमन लिपीत: स्वरभक्ती! गेलिकचे अभ्यासक आपल्या व्याकरणातला हाच शब्द वापरतात. अख्ख्या वर्गात मी एकटाच हसलो.

पुस्तकवेडी:
मग केर्नगोर्म म्हणजे निळा डोंगर ना? मी गेले तेव्हा तर करडा होता.

ग्लासगोकर:
निळाच. पण गवताच्या हिरव्यालाही 'गोरोम'च म्हणतात, त्यांच्या रंगांच्या सीमा आपल्यासारख्या नाहीत. खरी गंमत पुढे आहे. त्या एका डोंगरावरून इंग्रजीत सगळ्या रांगेला केर्नगोर्म्स म्हणतात, आणि गेलिकमध्ये त्याच रांगेचं नाव 'अम मोनघ रुअघ', तांबडे डोंगर. तिथला ग्रॅनाइट तांबूस आहे. म्हणजे तांबड्या रांगेत उभा निळा डोंगर.

चिंबबूट:
वा! पुढच्या शनिवारी ग्लेन को दरीच्या तोंडाशी 'बुअखल्य एटिव्ह मोर' ठरलाय. त्याचं काय?

ग्लासगोकर:
एटिव्ह दरीचा थोरला गुराखी. शेजारी धाकटाही आहे, त्याच्या नावात 'मोर'च्या जागी 'बेक'. 'बुअखल्य' म्हणजे गुराखी, त्यातच गाय आहे: गाईला ते 'बो' म्हणतात, ती आपल्या 'गो'ची सख्खी चुलत बहीण. आणि 'बुअखल्य'मधला 'ख' घशातून काढ, उर्दूवाले ख़बर म्हणतात तसा. खरवसातला काढलास तर आजोबा पुन्हा टोकतील.
बूट वाळले का?

चिंबबूट:
कुठले! आत वर्तमानपत्र कोंबून ठेवलंय.