जानेवारीतल्या पावसाने ओटावाचा गोठलेला रिडो कालवा स्केटिंगसाठी बंद झाला. आता घरामागच्या तळ्यावर स्केटिंग करावे का?

कोथरूड_ते_कॅनाटा:
नमस्कार मंडळी. माझे आई-बाबा पुण्याहून सहा आठवड्यांसाठी कॅनडात ओटावाला आले आहेत. त्यांच्या यादीत पहिल्या क्रमांकावर रिडो कालव्यावरचे स्केटिंग होते; स्वतः करायचे नव्हे, तर नातीला करताना पाहायचे आणि काठावर उभे राहून दालचिनी-साखर भुरभुरलेले बीव्हरटेल (तळलेली चपटी पेस्ट्री) खायचे. कालव्याचा पहिला टप्पा उघडला त्या दिवशी बाबांना सर्दी झाली होती, म्हणून आम्ही पुढच्या शनिवारी जायचे ठरवले. तो शनिवार उजाडण्याआधीच तापमान शून्याच्या वर ६ अंशांपर्यंत चढले, दीड दिवस पाऊस पडला आणि कालव्यावर लाल झेंडा, म्हणजे स्केटिंग बंदची खूण, लागला.

परवा रात्रीपासून पुन्हा उणे १४ अंश आहे. आमच्या वसाहतीमागे एक तळे आहे, त्याचा पृष्ठभाग आता आरशासारखा दिसतो. शेजारची दोन-तीन मुले सकाळपासून तिथे हॉकी खेळत आहेत आणि माझी आठ वर्षांची लेक खिडकीच्या काचेला नाक लावून बसली आहे. इतक्या थंडीनंतर ते तळे सुरक्षित मानता येईल का? आणि कालवा साधारण किती दिवसांत पूर्ववत होतो?

हिवाळी_पाहुणा:
दोन रात्री उणे १४ म्हणजे पुरेसे आहे, असे मला वाटते. मुले खेळत आहेत, म्हणजे बर्फ वजन पेलतो आहे हे उघडच आहे. लहानपणीचे दिवस पुन्हा येत नाहीत, जाऊ द्या तिला.

डाऊज_लेककाठी:
वरच्या सल्ल्याशी मी पूर्णपणे असहमत आहे. बावीस हिवाळे या शहरात काढल्यावर हे लिहितो आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहिल्याबद्दल क्षमस्व.

बर्फावर पाऊस पडला की ते पाणी वरच साचते, आणि पुन्हा थंडी पडल्यावर गोठायला सुरुवात होते ती त्या डबक्याच्या वरच्या बाजूने. त्यामुळे वर एक चकचकीत पापुद्रा, मध्ये न गोठलेले पाणी किंवा स्लश (पाण्याने भिजलेला भुसभुशीत बर्फ) आणि त्याखाली पावसाने भिजून ठिसूळ झालेला जुना बर्फ, अशी थरांची उतरंड तयार होते. आपल्याला आरसा दिसतो तो फक्त पापुद्र्याचा. शिवाय स्लश गोठून होणारा दुधट पांढरा बर्फ हा पारदर्शक, काळसर दिसणाऱ्या बर्फाच्या साधारण निम्म्याच ताकदीचा असतो, त्यामुळे जाडी मोजली तरी तो आकडा निम्मा धरूनच विचार करावा लागतो. एकट्याने चालण्यासाठी किंवा स्केटिंगसाठी किमान १५ सेंटीमीटर आणि अनेक जण एकत्र असतील तर २० सेंटीमीटर बर्फ हवा, असा इथला प्रचलित नियम आहे, आणि तो स्वच्छ, अखंड बर्फासाठी आहे.

कालव्याच्या बाबतीत तर सुमारे ३० सेंटीमीटर जाडी लागते, कारण तिथे एका वेळी हजारो माणसे असतात आणि बर्फ साफ करणारी अवजड वाहनेही फिरतात. स्केटिंगची वाट सांभाळणाऱ्या राष्ट्रीय राजधानी आयोगाचे कर्मचारी बर्फाला भोके पाडून जाडी व प्रत तपासतात आणि पृष्ठभागावर पाणी सोडून नवा थर चढवतात. हे काम दिवसा उन्हात होत नाही. रात्री कडाक्याची थंडी असावी लागते. पाऊस पडून गेलेल्या कालव्याला सावरायला किती दिवस लागतील, हे रात्रीचे तापमान सलग किती दिवस खाली राहते यावरच ठरते. उणे १४ अंश टिकले तर आठवडाभरात काही टप्पे उघडू शकतील, पण आणखी एक पाऊस आला की मोजणी पुन्हा पहिल्यापासून.

कालव्यावरची ७.८ किलोमीटरची ही वाट १९७१ साली स्केटिंगसाठी सुरू झाली. २०२२-२३च्या हिवाळ्यात ती प्रथमच एकही दिवस उघडली नाही. मला तो फेब्रुवारी आठवतो: काठावर बाकांवर माणसे बसली होती आणि समोर राखाडी, पाणथळ बर्फ पसरला होता. त्याच्या पुढच्या हिवाळ्यात ती २१ जानेवारीला उघडली, चार दिवसांत बंद झाली आणि सगळा हंगाम मिळून जेमतेम दहा दिवस चालली. त्यानंतर मात्र बऱ्यापैकी दीर्घ हंगामही मिळाला, त्यामुळे आशा सोडू नका.

नळदुरुस्ती_आणि_बरेच_काही:
एक मुद्दा राहिला आहे आणि तो सर्वांत महत्त्वाचा आहे. वसाहतीमागची अशी तळी बहुधा नैसर्गिक नसतात. रस्त्यांवरचे पाणी वाहून आणून साठवण्यासाठी ती बांधलेली असतात. पाऊस पडला की नळांवाटे त्यांत पाणी येते आणि दुसऱ्या बाजूने बाहेर जाते, त्यामुळे पातळी वरखाली होते आणि बर्फाखाली कधीकधी पोकळी राहते. त्या पाण्यात रस्त्यावर टाकलेले मीठही असते, ज्याने पाणी लवकर गोठत नाही. त्यामुळे तळ्याच्या एका टोकाला मुले सुखरूप खेळत असताना, नळाच्या तोंडाशी बर्फ बोटभरही नसू शकतो. तळ्याकाठी एखादी सूचनेची पाटी असेल. बर्फात बुडालेली असेल तर उकरून वाचा आणि जमल्यास त्या मुलांच्या आई-वडिलांनाही सांगा.

लेकीसाठी सिटी हॉलसमोरच्या रिंककडे (स्केटिंगच्या मैदानाकडे) जा. तिथला बर्फ यंत्राने थंड ठेवतात, त्यामुळे अशा अवेळी उबेतही तो सहसा टिकतो. लॅन्सडाऊन पार्कमध्येही तशीच सोय आहे. गॅटिनो पार्कमध्ये मात्र या आठवड्यात स्कीइंगला जाऊ नका. पावसानंतर गोठलेल्या उतारावर मी मागे गुडघा आपटून घेतला आहे. आई-बाबांना बाहेर काढताना बुटांना खिळ्यांचे रबरी पट्टे अवश्य लावा. घराच्या पायऱ्यांवर आत्ता जो पारदर्शक थर आहे, तो तळ्याइतकाच फसवा आहे.

कोथरूड_ते_कॅनाटा:
मनःपूर्वक आभार. काल तळ्याकाठी गेले तर खरोखरच पाटी सापडली, निम्मी बर्फात. पलीकडच्या टोकाला, नळाच्या तोंडाशी, दोन बदके चक्क पोहत होती! बाबांनी ती आधी पाहिली आणि मग लेकीला आणखी काही समजावून सांगावे लागले नाही. शेजारच्या घरीही सांगितले. त्यांनी मुलांना घरी बोलावले, थोडे नाराजीनेच.

संध्याकाळी सिटी हॉलच्या रिंकवर गेलो. लेक पहिली दहा मिनिटे माझा हात सोडायला तयार नव्हती, नंतर परत यायला तयार नव्हती. आई कठड्याला दोन्ही हातांनी धरून उभी होती, जणू तिच्याच पायात स्केट्स आहेत. परतीचे विमान १७ फेब्रुवारीला आहे, तोवर रोज सकाळी चहाबरोबर कालव्याच्या झेंड्याचा रंग बघण्याचे काम बाबांनी स्वतःकडे घेतले आहे.