गांधी शताब्दीचं १० रुपयांचं नाणं: खरं का, किंमत किती, घासावं का?

गोदाकाठ:
घरातल्या जुन्या डब्यात १० रुपयांचं नाणं सापडलं. गांधीजींचं चित्र, त्यावर १८६९-१९४८. कडा काळपट झाल्यात. चांदीचं असेल का? नाशिकरोडच्या प्रेसचं का? चिंच लावून घासून मगच सराफाला दाखवावं म्हणतोय.

टाकसाळ:
चिंच आधी लांब ठेवा! नाशिकरोडला नोटा आणि तिकिटं छापतात, नाणी पाडत नाहीत. हे १९६९ च्या जन्मशताब्दीचं नाणं. सालांखाली भिंगातून बघा: पत्त्यातल्या चौकटसारखी बारीक खूण असेल तर मुंबईच्या टाकसाळीचं, काहीच नसेल तर कोलकात्याचं, इंग्रजी बी अक्षर दिसलं तर मुंबईचं प्रूफ, म्हणजे संग्राहकांसाठी खास चकचकीत पाडलेलं नाणं.

वजन १५ ग्रॅम, व्यास ३४ मिमी, चांदी ८० टक्के. नुसत्या वजनावर विसंबू नका, नकली नाणंही तेवढंच भरू शकतं. ०.०१ ग्रॅमपर्यंत मोजणाऱ्या काट्यावर पाण्याचा ग्लास ठेवून आकडा शून्यावर आणा. नाणं बारीक दोऱ्याने पूर्ण बुडवा, पण तळाला किंवा काचेला टेकू देऊ नका. आकडा १.४८ च्या आसपास हवा. तांबं-निकेलचं १५ ग्रॅमचं नाणं १.६९ च्या जवळ दाखवतं. नाण्याला चिकटलेले हवेचे बुडबुडे आकडा वाढवतात, ते दोरा हलवून घालवा. कडेवर सांध्याची रेघ किंवा अक्षरांत बारीक भोकं असतील तर ते ओतीव, म्हणजे नकली.

आणि सराफाला कसाला लावू, म्हणजे कसोटीच्या दगडावर घासू देऊ नका. कडेवरचा तो ओरखडा कायमचा.

पंचवटी_४२२००३:
किंमतीचा पाया म्हणजे त्यातली १२ ग्रॅम शुद्ध चांदी. सराफ बाजारातला त्या दिवशीचा ग्रॅमचा भाव गुणिले १२. त्याच्यावर जे मिळेल ते नाण्याच्या अवस्थेवर. गाल, कान, चष्म्याची काडी हे उंच भाग आधी झिजतात. तिथे मूळ चकाकी शाबूत असेल तर संग्राहक जास्त देतो. घासलेलं नाणं मात्र चांदीच्या भावातच जातं. लाखो रुपये देतो म्हणून आधी नोंदणी शुल्क मागणाऱ्यांना एक रुपयाही पाठवू नका. रिझर्व्ह बँकेच्या नावाने असे प्रकार चालतात, बँकेने २०२१ मध्ये तशी सूचनाही काढली होती.

गोदाकाठ:
आभारी आहे. पाण्यात १.४९ आलं. एका बाजूला हिरवट चिकट थर आहे, त्याचं काय?

टाकसाळ:
म्हणजे चांदीचं आहे. थर बहुधा मऊ पीव्हीसी प्लास्टिकच्या पाकिटाचा. त्यातून सुटणारं आम्ल धातू खातं, तेव्हा हे लवकर करा. काचेच्या वाटीत शुद्ध अॅसिटोन घ्या, नेलपॉलिश रिमूव्हर नको. नाणं दहा मिनिटं बुडवून ठेवा, घासू नका; थर राहिला तर ताज्या अॅसिटोनमध्ये पुन्हा. मग डिस्टिल्ड पाण्याने धुऊन मऊ कापडाने टिपा. खिडक्या उघड्या, गॅस बंद. काळपट कडा तशाच राहू द्या, तो चांदीवर गंधकाने आलेला रंग आहे, तो काढला तर वरचा पातळ थरही जातो.

पुढे ३४ मिमीची कडक कॅप्सूल. रबरबँड, वर्तमानपत्र, लाकडी खण नको. पावसाळ्यात डब्यात सिलिका जेलची पुडी ठेवा आणि नाणं कायम कडेनेच धरा.