हातात दिवा धरलेली बाई रविवर्म्याची नाही?? मग हळदणकर कोण?

कट्टेकरी७९
मंडळी एक शंका आहे. आजोळी माजघरात एक फ्रेम होती, बहुतेकांनी कुठे ना कुठे पाहिलेली असणार. जांभळट साडीतली बाई, एका हातात दिवा, दुसऱ्या हाताचा ज्योतीला आडोसा आणि उजेडाने बोटांच्या फटी लालभडक झालेल्या. खाली पट्टी होती "राजा रविवर्मा" अशी, त्यामुळे जन्मभर तेच खरं मानून चाललो. परवा ऑफिसच्या ग्रुपवर फोटो टाकला तर एकाने सरळ उडवलं, म्हणे हे रविवर्म्याचं नाहीच, सावळाराम हळदणकर म्हणून चित्रकार होते त्यांचं आहे. मी नाव पहिल्यांदा ऐकलं, खोटं कशाला बोलू. तर खरं काय आणि हे हळदणकर नेमके कोण, कुठले, एवढं एकच चित्र काढून गेले का? जाणकारांनी लिहा प्लीज.

वाडीकार
आमच्या वाडीचो माणूस तो! रविवर्म्याच्या नावावर खपवलेलो बघून दरवेळी डोक्यात जाता.

आता नीट लिहितो. सावळाराम लक्ष्मण हळदणकर, जन्म १८८२, सावंतवाडी. तेव्हा आमचं संस्थान होतं. शाळेतच मुलाचा हात दिसला, मग संस्थानच्या पाठबळावर १९०३ साली मुंबईला जे. जे. स्कूल ऑफ आर्टला गेले. तेव्हाचं जे.जे. म्हणजे इंग्रज प्रिन्सिपल, ग्रीक पुतळ्यांच्या प्लास्टरच्या प्रतिकृती समोर ठेवून दिवसच्या दिवस शेडिंग घोटायचं, ते जमलं की मग जिवंत मॉडेल. तळकोकणातनं आलेल्या पोराला ते कसं वाटलं असेल देव जाणे, पण हात असा काही तयार झाला की पुढे जलरंगात आणि पोर्ट्रेटमध्ये माणसाने नाव काढलं. मुंबईतच राहिले, १९६८ साली गेले.

वादाचं बोलायचं तर हिशोब अगदी सोपा आहे. रविवर्मा १९०६ ला वारले, हे चित्र १९४५-४६ च्या सुमाराचं. आणि ती तारीख कुणाला पटत नसेल तर दुसरं सांगतो. चित्रातली बाई म्हणजे हळदणकरांची स्वतःची मुलगी, गीता. लग्नानंतर उपळेकर, कोल्हापूरला असायच्या, २०१८ मध्ये वयाच्या १०२ व्या वर्षी गेल्या, तेव्हा पेपरात बातम्या आल्या होत्या. म्हणजे रविवर्मा गेले तेव्हा ही मुलगी जन्मलीच नव्हती. तो तिला समोर उभी करून काढणार कशी?

रंगपेटी
वाडीकार बरोबर बोलतायत. घोळ का होतो तेही सांगते. मूळ चित्र म्हैसूरला जगनमोहन पॅलेसच्या आर्ट गॅलरीत आहे आणि तिथेच रविवर्म्याची एकाहून एक मूळ चित्रं लागलेली आहेत. माणूस ती बघत बघत येतो, समोर ही साडीतली सुंदर बाई, झालं, एकाच गाठोड्यात बांधून घरी घेऊन येतो. वर प्रिंट छापणाऱ्यांना माहितीये की रविवर्मा म्हटलं की माल उठतो.

पण मला लिहायचंय ते वेगळंच. वरती कुणी विचारलं नाही पण हे ऑइल नाहीये, वॉटरकलर आहे!! मी स्वतः बारा-तेरा वर्षं जलरंगात धडपडतेय म्हणून सांगते, हे वेडं काम आहे. ऑइलमध्ये चुकलं तर खरवडा, वाळल्यावर वरून पांढरा मारा. पारदर्शक जलरंगात पांढरा म्हणजे कागद, जिथे उजेड हवा तिथे कागद आधीपासून राखून ठेवायचा आणि सगळा अंधार त्याच्या भोवतीने चढवत न्यायचा. म्हणजे ज्योत तुम्ही काढतच नाही, ज्योत सोडून बाकी सगळं काढता. त्यात या चित्रात मागे काळोख, तो एवढा गडद करायचा तर वॉशवर वॉश, म्हणजे पातळ रंगाचे थरावर थर, द्यावे लागतात आणि थोडा जरी जास्त हात फिरला की खालचा थर उठून सगळा चिखल. आणि ती बोटं बघा, झूम करून बघा, उजेड बोटांवर पडलेला नाहीये, बोटांमधून आरपार आलाय. मोबाईलचा टॉर्च तळव्याखाली धरला की दिसतो ना तो लाल, अगदी तो. हे काढताना त्यांनी साठी ओलांडलेली होती.

दिवाळीचे दिवस होते, मुलगी दिवा घेऊन आली ती त्यांना तशीच दिसली आणि मग तीन तास तिला उभं केलं असं सांगतात. तीन तासांत चित्र होत नसतं हं, पोज झाली असेल. हात भरून आला असेल बिचारीचा.

बिनपाण्याचा
म्हैसूरला बघितलंय मी. गाईडने दिवे मालवले आणि खरंच अंगावर काटा आला, तिच्या चेहऱ्यावरचा उजेड जसाच्या तसा. आमच्यातला एक शहाणा मागे बल्ब लावलाय का म्हणून वाकून बघत होता.

जुनाजाणता
सगळे त्या एका चित्रावरच अडकलेत म्हणून लिहितो. हळदणकरांचं आयुष्य म्हणजे मुख्यतः मास्तराचं आयुष्य. १९०८ मध्येच, वय जेमतेम पंचवीस-सव्वीस, त्यांनी मुंबईत स्वतःची चित्रकलेची शाळा काढली, हळदणकर्स फाइन आर्ट इन्स्टिट्यूट. त्या काळात चित्रकाराने पोट भरायचं म्हणजे संस्थानिकांची आणि शेठजींची पोर्ट्रेट करायची नाहीतर ड्रॉइंग मास्तर व्हायचं, यांनी दोन्ही केलं आणि दोन्हीत कमीपणा मानला नाही. १९१८ ला आर्ट सोसायटी ऑफ इंडिया उभी करणाऱ्यांमध्येही ते होते. बॉम्बे आर्ट सोसायटी तेव्हा साहेब लोकांच्या दबदब्याखाली होती, तिथेही यांनी १९२५ ला सुवर्णपदक घेतलं, तेही जलरंगातल्याच चित्रासाठी, एका मुसलमान यात्रेकरूचं. म्हणजे दिवेवालीच्या वीस वर्षं आधी माणूस सिद्ध झालेला होता. मुलगा गजानन हळदणकर, तोही जलरंगातला पक्का माणूस.

माझं मत विचाराल तर आपल्याकडे कलेच्या इतिहासात एकतर रविवर्मा नाहीतर थेट प्रोग्रेसिव्ह ग्रुपवाले आधुनिक चित्रकार, हुसेन, रझा, मधला अख्खा अर्धशतकाचा काळ "अकॅडमिक" म्हणून बाजूला टाकला. हळदणकर त्या फटीत पडले. नशीब बघा, चित्र घराघरात आणि नाव दुसऱ्याचं.

कट्टेकरी७९
बाप रे, सगळ्यांचे आभार. रंगपेटी ताई, टॉर्च तळव्याखाली धरून बघितला, पोरगी हसत होती पण पटलं.

काल मामाला फोन करून सगळं वाचून दाखवलं. त्याने फ्रेम उतरवून बघितली, तर म्हणे पट्टी चित्रावर छापलेली नाहीच, फ्रेमवाल्याने वेगळी चिकटवलेली आहे. ती काढून हळदणकरांचं नाव लावायला तो तयार आहे. मामी मात्र अडून बसलीये, तिच्या माहेरून लग्नात रविवर्मा म्हणून दिलेलं चित्र आहे, आता तुम्ही कोण ते बदलणारे.