अकरा वर्षांच्या प्रशासकीय कामानंतर आयटी प्रकल्प व्यवस्थापनात जायचे आहे, सल्ला हवा

माझे वय ३५ असून मी वाणिज्य शाखेची पदवीधर आहे. पिंपरी-चिंचवडमधील एका उत्पादन कंपनीत गेली ११ वर्षे मी प्रशासकीय साहाय्यक म्हणून काम करते. संचालकांचे वेळापत्रक, बैठकांची इतिवृत्ते, प्रवासाची व्यवस्था, पुरवठादारांची बिले आणि देखभालीचे वार्षिक करार हे माझे रोजचे काम आहे. दोन वर्षांपूर्वी आमचे कार्यालय नव्या इमारतीत हलवले, तेव्हा १४० जणांची बसण्याची व्यवस्था, फर्निचर, वीज आणि इंटरनेट या सगळ्याचा समन्वय माझ्याकडे होता. त्या चार महिन्यांत मला प्रथमच जाणवले की हेच काम मला पूर्णवेळ करायला आवडेल.

त्यानंतर हिंजवडी आणि खराडीतील सॉफ्टवेअर कंपन्यांत प्रोजेक्ट कोऑर्डिनेटरच्या पदासाठी मी सुमारे ३० अर्ज केले, परंतु मुलाखतीचे एकही बोलावणे आले नाही. एक प्रशिक्षण संस्था पीएमपी या प्रकल्प व्यवस्थापनाच्या प्रमाणपत्राचा वर्ग लावण्याचा आग्रह करत आहे, मात्र तिचे शुल्क माझ्या जवळजवळ दोन महिन्यांच्या पगाराइतके आहे. मी हे प्रमाणपत्र घ्यावे का, आणि कोडिंग येत नसताना या क्षेत्रात मला कोणी उभे करेल का, याबद्दल अनुभवी मंडळींनी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद १

मी खराडीतील एका सॉफ्टवेअर सेवा कंपनीत प्रकल्प व्यवस्थापक आहे आणि कोऑर्डिनेटरच्या पदासाठी आलेले अर्ज दर काही महिन्यांनी वाचतो. आधी शुल्काविषयी सांगतो, कारण तो निर्णय तातडीचा आहे. पीएमपीची परीक्षा देण्यासाठी केवळ वर्ग पुरेसा नसतो. पदवीधराला ३५ तासांच्या प्रशिक्षणाबरोबरच प्रकल्पांचे नेतृत्व केल्याचा ३६ महिन्यांचा अनुभव दाखवावा लागतो, त्यात एकाच काळात चाललेल्या दोन प्रकल्पांचे महिने एकदाच मोजले जातात आणि रोजचे कार्यालयीन काम त्यात धरले जात नाही. तुमच्याकडे आज त्यातले चार महिने आहेत. तेव्हा हे पैसे आत्ता भरू नका. पीएमपी देणाऱ्या पीएमआय संस्थेच्याच सीएपीएम या प्राथमिक पातळीच्या परीक्षेला अनुभवाची अट नाही. बारावी उत्तीर्ण असणे आणि २३ तासांचे प्रशिक्षण एवढे पुरते, आणि ते प्रशिक्षण ऑनलाइन पुष्कळ कमी खर्चात होते.

तरीही प्रमाणपत्राने तुमची मुख्य अडचण सुटेल असे मला वाटत नाही. तुमचे ३० अर्ज बहुधा बायोडेटाच्या पहिल्या चार ओळींतच बाजूला पडले असावेत. ‘वेळापत्रक सांभाळणे, पत्रव्यवहार, प्रवास व्यवस्था’ असे वाचले की वाचणारा तुम्हाला ॲडमिनच्याच रांगेत ठेवतो. कार्यालय हलवण्याचे काम पहिल्या पानावर, स्वतंत्र प्रकल्प म्हणून लिहा: सुरुवात कधी, शेवट कधी, अंदाजपत्रक किती, किती पुरवठादार, काय बिघडले आणि त्यावर तुम्ही कोणता निर्णय घेतला. माझ्या दृष्टीने शेवटचा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा आहे. समजा, फर्निचर तीन आठवड्यांत येणार होते, पण इंटरनेटची लीज्ड लाइन (फक्त आपल्या कार्यालयासाठीची स्वतंत्र जोडणी) मिळायला आठ आठवडे लागणार होते आणि म्हणून तुम्ही सर्वांत आधी त्या लाइनचा अर्ज केलात, तर तुम्ही क्रिटिकल पाथ, म्हणजे ज्या कामांच्या साखळीवर प्रकल्पाची शेवटची तारीख ठरते ती, ओळखला होता. त्याचे नाव तेव्हा माहीत नव्हते, एवढेच. मुलाखतीत व्याख्या सांगण्याऐवजी ही हकीकत सांगा.

कोडिंग येण्याची गरज नाही, पण सॉफ्टवेअर कसे घडते हे मात्र कळलेच पाहिजे. डेव्हलपमेंट (बनवण्याची), टेस्ट (तपासण्याची) आणि प्रॉडक्शन (प्रत्यक्ष वापराची) ही तीन एन्व्हायर्नमेंट वेगळी का ठेवतात, ग्राहकाच्या चाचणीत म्हणजे यूएटीमध्ये सापडलेला दोष दुरुस्त करायला दोन तास लागले तरी पुन्हा तपासून बसवायला दोन दिवस का लागतात, एपीआय, म्हणजे ॲपला सर्व्हरशी जोडणारा दुवा, तयार नसेल तर मोबाइल ॲपचा गट का थांबतो, हे समजल्याशिवाय अभियंत्याने दिलेल्या तारखेवर नेमका प्रश्न विचारता येत नाही.

प्रतिसाद २

मी स्वतः सहा वर्षांपूर्वी एका अधिकाऱ्यांच्या सचिवाचे काम सोडून पीएमओमध्ये (कंपनीतील प्रकल्पांवर देखरेख ठेवणाऱ्या विभागात) कोऑर्डिनेटर झाले, त्यामुळे ज्याविषयी मला कोणी सावध केले नव्हते ते ताईंना सांगावेसे वाटते. पद बदलले तरी लोक आपल्याकडून जुनेच काम करून घेतात. पहिले वर्षभर मी प्रत्येक बैठकीचे इतिवृत्त लिहिले, खोल्या आरक्षित केल्या, टाइमशीटसाठी (कामाच्या तासांच्या नोंदीसाठी) लोकांच्या मागे लागले, आणि वर्षअखेरच्या मूल्यांकनात माझ्या नावावर दाखवण्यासारखा एकही निर्णय नव्हता. हे माझ्या फार मनाला लागले होते.

पुढे मी इतिवृत्त लिहिणे सोडले नाही, पण लिहिण्याची पद्धत बदलली. कोण काय बोलले हे नोंदवण्याऐवजी मी जोखमींची यादी ठेवू लागले: जोखीम कोणती, ती खरी ठरली तर कोणती तारीख घसरेल, तिची जबाबदारी कोणाची आणि उत्तर कधीपर्यंत हवे. दोन महिन्यांत व्यवस्थापक बैठकीची सुरुवात माझ्या यादीने करू लागले. तेव्हा रुजू होण्यापूर्वीच विचारा की सहा महिन्यांनी एखादा लहान भाग, निदान यूएटीचे नियोजन, स्वतंत्रपणे माझ्याकडे येईल का. उत्तर गोलमोल आले तर ते पद नीट विचार करूनच स्वीकारा.

प्रतिसाद ३

थोडी भर घालतो. स्क्रम ही सॉफ्टवेअर गटांनी छोट्या टप्प्यांत काम करण्याची पद्धत आहे; तिची अधिकृत पुस्तिका, स्क्रम गाइड, विनामूल्य आहे, २०२० ची आवृत्ती एका बैठकीत वाचून होते, आणि गटातील कामांची नोंद ठेवणारे जिरा हे सॉफ्टवेअर दहा जणांपर्यंत फुकट वापरता येते. मात्र स्क्रमच्या गटात प्रॉडक्ट ओनर, स्क्रम मास्टर आणि डेव्हलपर्स एवढ्याच जबाबदाऱ्या सांगितल्या आहेत. प्रकल्प व्यवस्थापक हे पद त्यात नाही. म्हणून स्वतःचे उत्पादन बनवणाऱ्या कंपन्यांपेक्षा, टप्प्याटप्प्याने ग्राहकाकडून पैसे घेणाऱ्या सेवा कंपन्यांत अर्ज करणे तुम्हाला जास्त फायद्याचे ठरेल, कारण तिथे तारीख, खर्च आणि बदलाच्या मागण्या सांभाळणारी व्यक्ती लागतेच.

धागाकर्तीचे उत्तर

सर्वांचे मनापासून आभार. वर्गाचे शुल्क न भरण्याचे मी ठरवले आहे. आमच्या कंपनीत येत्या तिमाहीत खरेदी विभागासाठी नवी ईआरपी प्रणाली (कंपनीचे व्यवहार एकत्र सांभाळणारे सॉफ्टवेअर) बसवली जाणार आहे. पुरवठादारांची सर्व माहिती माझ्याकडेच असल्याने मला त्या कामात घ्यावे, असे मी संचालकांना विचारले आणि त्यांनी होकार दिला. बाहेर अर्ज करण्याआधी हे काम पूर्ण करावे, की दोन्ही एकाच वेळी चालू ठेवावे?

प्रतिसाद १

ते काम आधी करा, आणि यूएटीची जबाबदारी स्वतःहून मागून घ्या. खरेदी विभागातले लोक तुम्हाला ओळखतात, त्यामुळे चाचणीसाठी ते तुम्हाला वेळ देतील. बाहेरून आलेल्या सल्लागाराला तो सहज मिळत नाही. प्रणाली सुरू झाल्यावर पहिल्या महिन्यात आलेल्या तक्रारींची नोंद तारखांसह ठेवा. त्यानंतर नवा बायोडेटा इथे टाका, नावे आणि कंपनी काढून, म्हणजे मी तो ओळीनिशी तपासून देईन.