आय५-४४६० थकला: कुठला प्रोसेसर, कुठला बोर्ड?

प्रश्न: इंटेलचा आय५-४४६० प्रोसेसर, एच८१ मदरबोर्ड, ८ जीबी डीडीआर३ रॅम, जीटीएक्स १०६० ग्राफिक्स कार्ड. नव्या गेममध्ये सीपीयू १००%, कार्ड जेमतेम ६०%. मध्येच झटके बसतात. रॅम तीच चालेल का?

उत्तर १: डीडीआर३ विसरा, डीडीआर४च्या स्लॉटमध्ये ती बसतच नाही, खाच वेगळ्या जागी असते. एएमडीचा रायझन ५ ५६०० प्रोसेसर, बी५५० बोर्ड, ८ जीबीच्या दोन डीडीआर४-३२०० (३२०० हा वेग) रॅम स्टिक. रायझन ५ ५५०० स्वस्त म्हणून भुलू नका: एल३ कॅश (प्रोसेसरमधलीच वेगवान मेमरी) ३२ऐवजी १६ एमबी, आणि गेममध्ये नेमकी तीच लागते.

उत्तर २: वापरलेला बी४५० बोर्ड मिळाला तर आधी बायोसची (संगणक सुरू करणाऱ्या, बोर्डातल्या सॉफ्टवेअरची) आवृत्ती विचारा. जुनी असेल तर ती ५६००ला ओळखत नाही: पंखे फिरतात, स्क्रीन मात्र काळी. लोक उगाच प्रोसेसर परत करायला धावतात.

उत्तर ३: रॅम प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये लावा आणि बायोसमध्ये एक्सएमपी (रॅम पूर्ण वेगाने चालवणारी सेटिंग) चालू करा, नाहीतर ती २१३३ किंवा २४००वरच रांगते. ५६००मध्ये ग्राफिक्स नाही, मॉनिटरची केबल कार्डालाच. विंडोज एमबीआर (विभागणीची जुनी पद्धत) डिस्कवर असेल तर जुना बोर्ड काढण्याआधी बॅकअप घेऊन 'एमबीआर२जीपीटी' (डिस्क नव्या जीपीटी पद्धतीत बदलणारे विंडोजचे साधन) चालवा.

प्रश्नकर्ता: आणि पॉवर सप्लाय? सीपीयूची ४ पिनचीच वायर आहे.

उत्तर ३: म्हणजे तोही म्हातारा. ४+४ पिनचा ५५० वॅटचा घ्या.